तिसावी चौकट

मामांच्या स्टुडिओतल्या भिंतीवर हिमनदीचे फोटो ओळीने लावलेले होते. दरवर्षी एक, त्याच दिवशी, त्याच खडकावरून. बर्फ किती मागे हटला, हे त्यावरून कळे. एकोणतीस चौकटींपैकी सातवी तेवढी रिकामी होती. "त्या वर्षी हवा वाईट होती," मामा म्हणायचे.

यंदा मामांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. तिसाव्या फोटोची मोहीम भाचीच्या गळ्यात पडली.

"रोल भरलास की खटका ओढ आणि डावीकडचं बटण फिरतंय का बघ," मामांनी बजावलं. "ते फिरलं तरच फिल्म सरकली म्हणायची."

"मामा, मी भौतिकशास्त्र शिकलेय!"

"मग डोळे उघडे ठेवायला हरकत नसावी."

सोबतीला होता वाटाड्या. ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला शिडी म्हणत. दोन दिवस बर्फाळ कडे चढून दोघं खुणेच्या खडकाशी पोचले. थंडीने बोटं लाकडासारखी झाली होती, म्हणून भाचीने हातमोजे न काढताच रोल भरला. समोर निळसर बर्फाची भिंत उन्हात झळकत होती. ती भान हरपून फोटो काढत राहिली.

"ताई, आटपा. दुपार झाली की बर्फ सैल होतो आणि वरचे दगड सुटतात."

तिने कॅमेऱ्यावरचा फोटोंचा आकडा पाहिला. अडतीस! रोल छत्तीसचा होता. खटका मात्र अजून सहज ओढला जात होता. तिने डावीकडचं बटण पाहिलं. ते ढिम्म!

फिल्मचं टोक चक्रीत अडकलंच नव्हतं.

तिने कॅमेऱ्याची पाठ उघडली.

"अहो, फोटो जळतील ना!" शिडी ओरडला.

"जळायला काढलाय कुठे एक तरी?"

तिने हातमोजे काढले. टोक चक्रीत खोचलं. खटका ओढला. बटण फिरलं! पण दरीतून ढग वर चढत होते, आणि थंडीने प्रकाशमापकाची बॅटरी मेली होती. आता? मामांचा मंत्र तिला आठवला: लख्ख उन्हात भिंगाचं छिद्र सोळा, शटर फिल्मच्या वेगाइतकं, सावली पुसट झाली की छिद्र अकरा, नाहीशी झाली की आठ. तिने शिडीच्या पायाशी पाहिलं. सावली नव्हती.

छिद्र आठ. शटर एकशेपंचवीस. श्वास रोखला. खट्! तिने कॅमेरा तिपाईवरून काढून छातीशी धरला.

वर काहीतरी कडाडलं.

"पळा!"

शिडीने तिला पिशवीच्या पट्ट्याला धरून ओढलं. माठाएवढा दगड तिपाईचा चुराडा करत खाली गेला. कपारीत अंग चोरून दोघं बसले, तेव्हा कॅमेरा तिच्या छातीशी होता आणि शिडीचा हात तिच्या डोक्यावर.

"तुम्ही नसता तर..."

"तुम्हाला काही झालं असतं, तर तुमच्या मामांनी मला सोडलं असतं का?"

चार दिवसांनी डार्करूमच्या लाल दिव्याखाली कागदावर हिमनदी हळूहळू उमटली. मामांनी कागद चिमट्याने उचलून निरखला. भाचीने सगळं कबूल केलं. हातमोजे, आकडा, ढिम्म बटण, काहीच लपवलं नाही.

मामा हसले. "सातव्या वर्षी हवा छानच होती गं. बटण फिरलंच नव्हतं, हे मला मात्र घरी आल्यावर कळलं."

भाची बाहेर आली. नवा फोटो वाळल्यावर तिने तिसाव्या चौकटीत बसवला. मग स्टूल ओढून सातव्या चौकटीची रिकामी काच बाहीने लख्ख पुसली.