बांधापलीकडचा पियानो

भिंगारच्या छावणीतला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला होता. त्याच्या सामानाच्या लिलावात सुमेधा आणि रविकांत पहिल्यांदा भेटले. भेटले म्हणजे काय — एकाच पियानोवर दोघांनी एकदमच हात ठेवला! तो मुंबईत शिकून आलेला वादक, ती मिशनच्या मडमेच्या हाताखाली तयार झालेली. हात कुणीच उचलेना. शेवटी पियानो भागीत घेतला आणि नगरला माळीवाड्यात दोघांचा क्लास सुरू झाला.

पण नृसिंहशास्त्र्यांची मुलगी आणि परका तरुण एका खोलीत? छे! म्हणून सकाळ तिची, संध्याकाळ त्याची. किल्ली देता-घेताना काय ती गाठ पडे, तीही दार सताड उघडं ठेवून. तेवढ्यात दोघं मिळून एखादी धून वाजवत, उजवीकडे तो आणि डावीकडे ती.

“तुमच्या मुली पट्ट्यांना जणू घाबरतात, बाई.”

“आणि तुमची मुलं पट्ट्या बडवतात, मास्तर. मास्तरांवर गेलीत...”

एवढ्या बोलण्यावर सुमेधाचा अख्खा दिवस निघायचा.

शेहेचाळीसच्या हिवाळ्यात शहरात उंदीर मरून पडू लागले. घरात उंदीर पडला म्हणजे प्लेग आला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि नेमकी त्याच दिवसांत पियानोची मधली पट्टी मुकी झाली.

“आत हात घालून बघता का?” सुमेधानंच म्हटलं.

रविकांतनं झाकण उचलून आत हात घातला... आणि तो तसाच थिजला. हाताला मेलेला उंदीर लागला होता.

डॉक्टरांनी सांगितलं, “सात दिवस माणसांपासून लांब राहायचं. ताप आला नाही, काखेत गाठ उठली नाही, तर सुटलात.” क्लासची घरमालकीण गोजरबाई, तिच्या शहराबाहेरच्या मळ्यात रविकांतसाठी खोपट उभं राहिलं. बांधावर चुन्याची रेघ ओढली गेली. रेघेअलीकडे गोजरबाई भाकरी ठेवून जायची.

सुमेधा रोज दुपारी बांधावर यायची. रविकांत खोपटासमोर बसून एका फळीवर कोळशानं काढलेल्या पट्ट्या वाजवत असायचा. आवाज नाही, नुसती बोटं. पण बोटं बघून ती धून ओळखायची.

“ताप?” ती ओरडायची.

“नाही! आज उशीर केलात, बाई!”

ती हसायची, आणि घरी जाऊन रडायची. मीच सांगितलं हात घालायला... मीच! रात्री डोळा लागला की काखेतली गाठ दिसायची.

पाचव्या दिवशी ती आली, आणि बांधावरच थबकली. रविकांत एकट्या उजव्या हातानं वाजवत होता. डावा हात बाजूला लुळा पडला होता.

“मास्तर, डावा हात?”

“काही नाही हो!” तो म्हणाला. हात मात्र हलला नाही.

लपवतोय! गाठ उठलीय आणि हा माझ्यापासून लपवतोय... सुमेधानं पदर खोचला.

“आवो ताई, तिकडं नका जाऊ!” गोजरबाई ओरडली. “घरात घ्याचे न्हाईत परत!”

सुमेधानं रेघ ओलांडली. धावत जाऊन त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं. डावा हात धरून वर उचलला, तर तो सहज उचलला गेला.

“दुखतंय?”

“नाही...”

“मग वाजवत का नव्हतात?”

रविकांतचा चेहरा पांढराफटक पडला होता. “डावी बाजू तुमची ना... पाच दिवस एकट्यानं वाजवून कंटाळलो. म्हटलं, आज तुम्ही शेजारी आहात असं समजू.”

“एवढंच?” ती रडत होती, आणि रागावलीही होती. “जीव गेला असता माझा!”

“सुमेधा, हे काय केलंस तू?” ‘बाई’ कुठल्या कुठे गेली. “अजून दोन दिवस आहेत. उद्या मला ताप भरला तर?”

“तर पाणी द्यायला जवळ कुणीतरी हवं.”

फळीवर त्यानं तिच्यासाठी जागा केली आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

गोजरबाईनं निरोप धाडल्यावर नृसिंहशास्त्री धापा टाकत बांधावर आले.

“सुमे, अशीच्या अशी बाहेर ये!”

“आता नाही येता येत, आप्पा. मी यांना शिवलेय.”

“शास्त्रीबुवा, पोर तर गेली आतमंदी,” गोजरबाई म्हणाली. “आता लगीन लावा दोगांचं. गाव काय गप बसनार हाय व्हय?”

“सात दिवस नीट जाऊ देत,” शास्त्रीबुवा कसेबसे म्हणाले. “मग बघू.”

“नीट गेल्यावर कुणीही लावून देईल, आप्पा,” सुमेधा म्हणाली. “मला भीती आज वाटतेय. आज लावा.”

शास्त्रीबुवांनी पायातल्या वहाणा काढल्या, उपरण्यानं डोळे टिपले, आणि रेघेपलीकडे उभ्या असलेल्या रविकांतला विचारलं,

“गोत्र काय रे तुझं?”