खोलीत माणसं किती?

तो आला तेव्हा मी तोंडात टाचण्या धरून एका कोटाची बाही जोडत होते. "एसीचा अंदाज घ्यायला आलोय," तो म्हणाला. टाचण्या काढून मी "या" म्हणेपर्यंत त्याने भिंतीला फीत लावलीसुद्धा!

"शंभर-सव्वाशे चौरस फुटांना एक टन, हा आमचा ढोबळ हिशेब," तो सांगू लागला. "वर गच्ची असली की थोडं वाढवायचं, पश्चिमेची खिडकी असली की आणखी थोडं. ही इस्त्री दिवसभर चालू असते?"

"पोटापाण्याचा प्रश्न आहे."

"मग तिचंही धरतो. दीड टन." हसताना तो डोळे बारीक करायचा… मला उगीचच जास्त उकडायला लागलं. "आणि खोलीत माणसं किती असतात?"

"दोन," मी म्हणाले. मी आणि आई. खरं तर आई तीन महिन्यांपूर्वीच दादाचं बाळ सांभाळायला त्याच्याकडे राहायला गेली होती. पण 'एकटी' म्हटलं की घर खरंच रिकामं होईल, असं वाटायचं.

"अच्छा… दोघं." त्याचं हसू मावळलं. फीत गुंडाळून तो निघालाच.

मग माझी ट्यूब पेटली. त्याला नवरा वाटला! आता फोन करून 'अहो, माझं लग्न झालेलं नाही' असं कसं सांगायचं? आणि शनिवारी एसी बसवून झाला की तो पुन्हा कशाला येतोय? चार दिवस मी स्वतःवरच चिडून होते. त्या नादात एका गिऱ्हाइकाची पँट दोन बोटं आखूड झाली.

शनिवारी तो मुकाट्याने काम करत होता. शेवटचा स्क्रू उरला, तेव्हा मी धीर केला.

"ऐका ना… मी चुकीचं सांगितलं होतं. आई आता दादाकडे असते. इथे मी एकटीच." शब्द तोंडातून निघाला, आणि काही आभाळ कोसळलं नाही. "मशीन मोठं झालं का?"

तो स्टुलावरूनच माझ्याकडे वळला.

"नाही. दोन माणसं आम्ही धरूनच चालतो. तिसऱ्यापासून वाढवतो."

"म्हणजे एक काय नि दोन काय, सारखंच?"

"सारखंच."

"मग विचारलंत कशाला?"

त्याचे कान लाल झाले. स्क्रूड्रायव्हर ठेवायला त्याला खिसाच सापडेना.

"ते… एसीसाठी नव्हतं," तो म्हणाला. "तुम्ही आवडलात मला."

"मलाही — तुम्ही!" मी म्हणाले, ते इतक्या घाईने की त्याला स्टुलावरून पडता पडता माझा खांदा धरावा लागला.