सुई बरोबर आहे

हे माझ्याच बाबतीत घडलं आहे. पटलं नाही तर मी भांडणार नाही. मलाही पटवून घ्यायचं नव्हतं.

रात्र नव्हती. बाबांना जाऊन अडतीस दिवस झाले होते. दुपारचे पावणेचार. आत्या स्वयंपाकघरात भांडी घासत होती आणि मी बाबांच्या खोलीत.

बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे, पण जीव सगळा गाण्यात. शेतात, खाणीत, नावेवर गाणाऱ्या माणसांच्या गाण्यात. अशांना ते घरी, या खोलीत बोलवायचे. गाणं टेप करायचं म्हणून पंखा बंद करायचे. टिकटिक नको म्हणून घड्याळाचा सेल काढून टेबलावर ठेवायचे.

मग मला म्हणायचे, "दोन ओळी म्हण गं. आवाजाची सुई बघतो."

मी म्हणायचे. ते माझ्याकडे नाही, सुईकडे बघायचे.

"बस. सुई बरोबर आहे. आता बाई, तुम्ही."

आणि फीत मागे नेऊन माझ्याच आवाजावर त्यांचं गाणं भरायचे.

सगळ्यांत लाडक्या होत्या वीटभट्टीच्या बाई. दिवसभर विटा वाहून यायच्या, भेगाळलेल्या पायांनी दारातच बसायच्या. एकदा सूर लागला की बाबांचा चष्मा ओला व्हायचा. गाणं संपलं की ते हलकेच म्हणायचे, "वा."

मला तो 'वा' कधीच मिळाला नाही.

बाई वाईट गात असत्या तर बरं झालं असतं. पण तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. बाई गेल्या तेव्हा बाबा दोन दिवस जेवले नव्हते.

"टाकून दे ती कॅसेटची खोकी," आत्या आतून ओरडली. "घरच्यांचं इतकं ऐकलं असतं ना, तर तुझ्या बापाला संत म्हटलं असतं मी!"

मी टाकली नाहीत. त्याहून वाईट केलं.

बाईंची कॅसेट काढली. कुणी पुसू नये म्हणून बाबांनी तिच्या कडेचा प्लॅस्टिकचा छोटा तुकडा मोडून ठेवला होता. त्या भोकावर मी चिकटपट्टी लावली. पंखा मुद्दाम चालू ठेवला. घड्याळही. आणि बाईंच्या गाण्यावर माझं गाणं भरलं.

अख्खं. सहा कडवी.

संपलं तेव्हा खोली फार शांत वाटली...

पंखा थांबला होता. बटण बंद होतं.

टिकटिकही नव्हती...

घड्याळाचा सेल टेबलावर होता. बाबा ठेवायचे तसा, उभा.

मी फीत मागे नेली. बटण दाबलं.

आधी माझा आवाज. पहिली ओळ. दुसरी.

मग कुणीतरी खाकरलं...

"बस. सुई बरोबर आहे. आता बाई, तुम्ही."

आणि बाई गाऊ लागल्या.

माझी सहा कडवी कुठेच नव्हती.

आत्या ओल्या हातांनी दारात आली. "कशाला लावलीस ही? रडवशील मला." मग जरा थांबून म्हणाली, "तू पण बरी गायचीस हं. पण..."

गाणं संपलं आणि टेपमधून हलकेच आलं, "वा."

"भाऊ गेला, पण ऐकायचं सोडलं नाही," आत्या डोळे पुसत हसली. तिला वाटलं, जुनीच टेप.



ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. रोज दुपारी लावते. फक्त 'सुई बरोबर आहे' इथपर्यंत. तेवढंच काय ते बाबा माझ्याशी बोलतात. बाई सुरू व्हायच्या आत बंद करते.

पण गेल्या आठवड्यापासून...

बाई थोड्या आधी सुरू होतात.

काल बाबांचं फक्त "बस" ऐकू आलं.