पिवळीचा बंद माईक

शाळेचा माईक खरखरायला लागला म्हणून ती दुरुस्तीच्या दुकानात शिरली, आणि काउंटरमागे तो. झालं! अकरा वर्षांत तो थोडा भरला होता, कानांवरचे केस पिकले होते, पण हेडफोन तसाच गळ्यात... आपण कशासाठी आलो तेच बालवर्गाच्या या बाई क्षणभर विसरल्या.

तुम्ही वयानं लहान असाल तर 'पंचरंगी' हा मुलींचा नाचगाण्याचा ग्रुप तुम्हाला ठाऊक नसणार. एका कंपनीनं एकमेकींना न ओळखणाऱ्या पाच मुली निवडल्या, प्रत्येकीला एक रंग दिला आणि रंगासोबत स्वभावही. लाल भांडखोर, निळी अभ्यासू, हिरवी खेळाडू, पांढरी लाजाळू आणि पिवळी अवखळ. ही पिवळी. खरं तर हिच्याइतकी बुजरी पाचांत दुसरी नव्हती, पण रंग वाटून झाल्यावर स्वभाव कोण विचारतो? बिचारीनं आरशासमोर डोळा मारायचा सराव केला. सहा वर्षं शाळकरी पोरींनी या पाचजणींचे फोटो असलेले कंपास आणि बाटल्या मिरवल्या. हिची आई तर अजून त्याच पिवळ्या बाटलीतून पाणी पिते.

गायच्या मात्र दोघीच, लाल आणि पांढरी. बाकी तिघींचे माईक बंद. हिचा आवाज जाडसर, तो गोड मुलीला शोभत नाही, असं कंपनीच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं. ती रडली, मग सवय झाली. नुसते ओठ हलवून कंटाळा आला, तेव्हा बंद माईकमध्ये ती वाटेल ते बोलायला लागली. बूट चावतोय. भूक लागलीय. मॅडमचा विग आज वाकडा बसलाय. आणि मग हळूहळू... साउंडवाल्यांनी आज निळा शर्ट घातलाय वाटतं. दिसतोय बाई छान.

साउंडवाला म्हणजे हाच. सभागृहात अगदी मागे, यंत्रापाशी बसायचा. चौघी त्याला 'साउंडदादा' म्हणायच्या. हिनं मेली तरी दादा म्हटलं नाही. काही हवं असलं की नुसतं 'अहो', आणि बाकीच्या खुसुखुसू हसायच्या. पण प्रेमात पडेल ती मुलगी घरी जाईल, असं करारातच लिहिलेलं. त्यामुळे गाडी त्या 'अहो'वरच अडली.

त्यानं माईक उघडला, आतली धूळ झटकली आणि मान वर न करता विचारलं, "बूट अजून चावतात का?"

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. तुमचा माईक लोकांसाठी बंद असायचा. माझ्या हेडफोनमध्ये चालूच होता. बिघडला नाही ना, ते मला ऐकावं लागायचं."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सहा वर्षं! विग, भूक, निळा शर्ट... सगळं? दर कार्यक्रमाआधी बुटात मऊ कापूस सापडायचा, त्याबद्दल ती कपडेवाल्या मावशींचे आभार मानत राहिली होती. त्या बिचाऱ्या का नुसत्या हसायच्या, ते आता कळलं. तो म्हणाला की मधूनमधून ती तिचं तिचं काहीतरी गायची, तेही त्यानं ऐकलंय, आणि ते ऐकायला मिळावं म्हणून सहा वर्षांत त्यानं एकही सुट्टी घेतली नाही.

आपला आवाज कुणीतरी ऐकला होता. तिला एकदम भरून आलं. आणि पाठोपाठ दुसरं काहीतरी आठवलं.

"शेवटच्या कार्यक्रमातलं... तेही ऐकलंत?"

त्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "ऐकलं. 'अहो, करार संपला, आता तरी विचारा ना.'"

"मग?"

"वाटलं, थट्टा असेल. तुम्ही अवखळ होतात ना."

"तुम्हीसुद्धा?" तिचा आवाज चिरकला. "जगानं रंगावर विश्वास ठेवला तर ठेवला. तुम्हाला तर सगळं ऐकू येत होतं. त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर मी मागच्या दाराशी तासभर उभी होते. नंतर आईनं सात स्थळं आणली, सातही परत पाठवली, आणि का ते तिला सांगता येईना."

ती जायला वळली. त्यानं घाईघाईनं हाक मारली. माईक झालाय, निदान तपासून तरी घ्या. गळ्यातला हेडफोन काढून त्यानं तिच्या कानांवर चढवला, माईक घेऊन दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तिच्या कानात आधी नुसता श्वास आला.

"उशीर झालाय, मला कळतंय. मी अजून एकटाच आहे. माझ्याशी लग्न कराल?"

माईक जराही खरखरला नाही.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली.

तो गडबडून वळला. वायर हलवून बघितली, बटण दाबून बघितलं, आणि पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. तिनं ऐकू आलं नाही अशी मान हलवली. तिसऱ्यांदा तो इतक्या जोरात बोलला की समोरची फुलवाली हातातलं काम टाकून दुकानाच्या दाराशी आली.

मग कुठे त्याचं लक्ष तिच्या डोळ्यांकडे गेलं. तिथं पाणी होतं, आणि ओठांवर हसू.

"पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं," ती म्हणाली. "पण तुम्ही सहा वर्षं एकट्यानं ऐकलंत. मला तीनदा तरी ऐकू द्या की."

तिनं हेडफोन काढून पुन्हा त्याच्या कानांवर ठेवला. माईक हातात घेतला, पूर्वी धरायची तसाच, आणि आपल्या जाडसर आवाजात सावकाश म्हणाली, "अहो... हो."