दयेचा अर्ज

दर शनिवारी सकाळी दहाला सिंगापुरातल्या तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटवर चार मुलं मराठी शिकायला येतात. दारापाशी चपला काढतात, आत येऊन नमस्कार करतात. वाचून कंटाळली की एक खेळ असे. एकानं खुर्चीत बसून माझे पणजोबा, वकील भाऊसाहेब, व्हायचं. बाकीच्यांनी उलटतपासणी घ्यायची.

२०१४ साली मी भाऊसाहेबांचं चरित्र लिहून संपवलं. १८८५मध्ये राष्ट्रीय सभेच्या पहिल्या अधिवेशनाला ते हजर होते, याचा घरात फार अभिमान. एक गोष्ट मी गाळली होती. त्याच आठवड्यात त्यांच्या एका अशिलाला फाशी झाली. दयेचा अर्ज भाऊसाहेब लिहिणार होते. अधिवेशनाच्या धांदलीत राहून गेला. त्या अशिलाच्या बायकोनं कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं पत्र माझ्या कपाटात आहे. 'अर्जाचं काय झालं ते सांगा. तोवर तुमच्या पायरीवर बसते.' खाली अंगठा. ते मी कुणालाच दाखवलेलं नाही.

पुस्तक छापायला जायच्या आधीच्या एका शनिवारी रुचिर खुर्चीत होता.

"वकीलसाहेब, घरी कोण कोण असतं?" अमेयनं विचारलं.

"वाइफ, दोन मुलं. आणि ती पायरीवरची आँटी, लाह," रुचिर इथल्या मुलांसारखं 'लाह' जोडत म्हणाला.

"कुठली आँटी?"

"रोज बसते. जातच नाही."

सगळे हसले. मीही हसलो. मुलं काहीही जोडतात.

पुढच्या शनिवारी जाई बसली. आठ वर्षांची, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी.

"ती आँटी का बसलीये?" रुचिरनं विचारलं.

"अर्ज लिहिला नाही म्हणून," जाई स्वच्छ मराठीत म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आजोबा, तुम्ही तरी लिहाल ना?"

"चला, शुद्धलेखन," मी म्हणालो.

संध्याकाळी माझा मुलगा प्रबोध लॅपटॉप घेऊन आला. "बाबा, छापखान्याकडे पाठवू ना फाइल? मग बदल नाही करता येणार हं."

सहा वर्षांचं काम. एक प्रकरण वाढवायचं म्हणजे प्रस्तावनेपासून सगळं पुन्हा, वर भावकीची बोलणी. मी अठ्ठ्याहत्तरचा. डोळे चुरचुरत होते.

"पाठव," म्हटलं.

पुस्तक देखणं निघालं. मुलं अजून येतात. खेळ मी बंद केला.

चपला मात्र आता दाराच्या एकाच बाजूला काढतात, एकावर एक. दुसरी बाजू मोकळी. आत येताना अंग चोरतात.

काल जाई दारात थांबली, त्या मोकळ्या बाजूकडे जरा वाकली.

"आँटी, पाय थोडे आत घ्या ना."

आणि जागा झाल्यावर आत आली.