फाटकावरच्या टाळ्या

पॅम्पाच्या गवताळ मुलखात कुणाच्या घरी जायचं, तर फाटकाबाहेर उभं राहून टाळ्या वाजवायच्या. कडी कितीही सैल असो, आतून ‘या’ अशी हाक आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आणि दुपारी जेवून सगळा मुलूख आडवा झाला, की टाळ्याही वाजवायच्या नाहीत. कुत्रीसुद्धा हे पाळतात.

थोरुपांच्या घरी मात्र टाळ्या नेमक्या त्याच वेळी वाजत.

एल्विरा थोरुपला लहानपणापासून त्याचं काही वाटत नसे. घरात नियमच होता, की दुपारच्या टाळीला ओ द्यायची नाही. “जिवंत माणूस असेल तर नावाने हाक मारील,” असं म्हणून आजी कूस बदलायची. टाळ्या हलक्या असत, झोपलेल्यांची माफी मागत वाजवल्यासारख्या. थोडं थांबून पुन्हा. मग पाणी ओढणाऱ्या पवनचक्कीची करकर तेवढी उरायची.

आता एल्विराने सत्तरी ओलांडली होती. नवरा गेला होता, गुडघेही गेले होते. शनिवारी मुलगा ओस्वाल्दो तिला शहरात न्यायला येणार होता. जमीन, गुरं, घर, सगळं विकून झालं होतं. नवा मालक घर पाडून तिथे सोयाबीन पेरणार होता. सामान बांधायला उरली होती ती आणि फाउस्तिना. फाउस्तिना म्हणजे स्वयंपाकीण, चाळीस वर्षं मालकिणीशी भांडत आलेली.

बुधवारी दोघींनी पुढची खोली आवरायला काढली. एके काळी आजोबांचा दवाखाना होता तो. काचेचं कपाट, स्टूल आणि पेशंटांसाठी एक लांब बाक. सुताराने बाकाचे पाय पार मधोमध ठोकले होते. एकटा माणूस टोकाला टेकला, की दुसरं टोक वर आणि माणूस खाली! घरातल्या पोरांनी कितीतरी पाहुणे त्यावरून पाडले होते. ओस्वाल्दो तर त्यात पटाईत.

“हा मेला बाक इथेच राहू दे,” फाउस्तिना ‘माते’ नावाच्या कडू पाल्याच्या चहाचा घोट नळीने ओढत म्हणाली. “दोनदा कंबर मोडलीय माझी. पण काय हो बाई, तुमच्या आजोबांना काय कमी होतं? चांगली डॉक्टरकी टाकून जन्मभर बैलांच्या शेपट्या पिरगाळत बसले!”

एल्विराने कपाटातून चांदीचा लांब दांड्याचा चमचा काढला. जीभ दाबून घसा बघायचा तो. पदराने पुसावा तसा तिने तो स्कर्टला पुसला.

“त्यांनी ऐकल्या होत्या टाळ्या,” ती म्हणाली. घराबाहेरच्या माणसाला हे ती पहिल्यांदाच सांगत होती.

तरुण डॉक्टर आक्सेल थोरुप तेव्हा डेन्मार्कहून नुकता आला होता. एका दुपारी तो याच खोलीत वाचत बसला होता. त्याच्या देशात ज्याला नड असते तो दार बडवतो. बाहेर टाळ्या वाजल्या, तेव्हा गुराखी खेळत असतील म्हणून त्याने पान उलटलं. फाटकाला कुलूप नव्हतं. पण ती बाई इथली होती, रीतीची होती. घटसर्प झालेली पोर पायाशी निजवून ती हळू टाळ्या वाजवत राहिली. झोपेतून लोक उठले, तोवर पोर गेली होती. दुसऱ्या दिवशी आक्सेलने बॅग मिटली ती कायमची, आणि गुरं घेतली.

“आणि मग?” फाउस्तिनाने विचारलं. “इतक्या वर्षांत तुमच्यापैकी एकानेही तिला साधं ‘या’ म्हटलं नाही? शाब्बास रे थोरुपांनो! माझी आई तर भिकाऱ्यालाही उन्हात उभं ठेवत नसे.”

एल्विराला ते फार लागलं. सतरा वर्षांची असताना तिला डॉक्टर व्हायचं होतं. “या घरात एक झाला, तेवढा पुरे,” बाप म्हणाला होता. तिने ऐकलं, आणि अडलेल्या गायींची वासरं ओढून काढण्यात आयुष्य गेलं. त्याची हळहळ तिला रोज होती. पण त्या बाईची हळहळ कधी केली नव्हती, आणि आता दोनच दिवस उरले होते.

गुरुवारी दुपारी टाळ्या वाजल्या. एल्विरा दवाखान्याच्या खिडकीशी गेली. फाटकावर ऊन होतं आणि धूळ. बाकी कुणी नाही.

“या,” ती म्हणाली. मग मोठ्याने, “या बाई, आत या!”

टाळ्या थांबल्या.

फाटकाची कडी वर उचलली गेली.

खडीवर पावलं वाजली, ओझं घेऊन चालणाऱ्या माणसाची. दार लोटलं गेलं. बाक करकरला.

आणि खोलीत श्वास ऐकू येऊ लागला. बारीक, करवतीसारखा. घसा बंद होत आलेल्या वासराचा श्वास एल्विराने पुष्कळदा ऐकला होता. हा वासराचा नव्हता.

आत तर बोलावलं, पण घरात डॉक्टर कुठे होता?

तिने चमचा उचलला. स्टुलावर बसली. लहान मुलाचं तोंड येईल तिथे, हात लांब करून चमचा धरला.

चांदीवर वाफ धरली. विरली. पुन्हा धरली.

मग धरली नाही.

बाक करकरला. पावलं गेली. फाटकाची कडी हलकेच पडली, रीतीने. एल्विरा तिथेच बसून हमसून हमसून रडली.

शुक्रवारी तिने टाळ्यांची वाट पाहत निलगिरीचा पाला उकळायला ठेवला.

“भर उन्हाळ्यात कुणाला सर्दी झालीय?” फाउस्तिनाने अंथरुणातून ओरडून विचारलं.

“झोप तू!”

त्या दिवशी चमच्यावर वाफ कालपेक्षा बराच वेळ येत राहिली.

शनिवारी ओस्वाल्दो लवकर आला, ऐन दुपारी. फाटक उघडंच होतं. दवाखान्यात निलगिरीची वाफ कोंडली होती, आणि आई स्टुलावर पाठमोरी, चमचा हवेत धरून.

“आई? अगं, आटपलं ना? गाडी तापतेय.”

“हळू बोल. पेशंट आहे.”

“कोण?”

“बस जरा. सुधारतेय ती.”

ओस्वाल्दोने दाराकडे पाहिलं. तिथे उभ्या फाउस्तिनाने डोळे पुसले आणि खांदे उडवले. आईला हसवावं म्हणून तो बाकाकडे गेला, अगदी लहानपणच्यासारखा. बाकाच्या पार टोकाला धप्पकन बसला, पाय वर उचलले आणि पडायची वाट पाहू लागला.

बाक जागचा हलला नाही.