जानकूच्या हातातला कोयता

"मला एक कोयता हुडकून द्या, ताई," लंकाबाई म्हणाली.

नारायणगावात इंद्रायणी औटीच्या डिटेक्टिव्ह एजन्सीत लोक काय काय शोधायला येत. पळालेला जावई, चोरीला गेलेला ट्रॅक्टर. कोयता शोधायला आजवर कुणी आलं नव्हतं. म्हातारीला घेऊन आलेला, तिच्या नवऱ्याचा म्हणजे चिमाजीचा वकील भरत डुंबरे अवघडून बसला होता. कोयत्याचा नाद सोडा म्हणून तो तिला कित्येक दिवस समजावत होता आणि ती त्याला. शेवटी तिचीच सरशी झाली होती.

"कुणाचा कोयता?" इंद्रायणीने विचारलं.

"जानकूचा. माझ्या दिराचा पोरगा. आई-बाप गेल्यावर मीच वाढवला त्याला. पुढं बांधावरनं आमच्या म्हाताऱ्याशी त्याचं वाकडं आलं. त्या रातीला पिऊन आला आन् दाराला लाथा घातल्या. हातात कोयता व्हता. मग म्हाताऱ्यानं बंदुकीचा बार काढू न्हाई तर काय करावं?"

"तुम्ही पाहिलात कोयता?"

"मी मागं चुलीपाशी. लाईट गेल्याली. आवाज झाला तशी पळत आले, तर पोरगं उंबऱ्यात पडल्यालं. त्याचं डोस्कं मांडीवर घेतलं, तवाच म्हातारा म्हनला, कोयता व्हता त्याच्या हातात. आमचा म्हातारा खोटं बोलत न्हाई, ताई. तेवढा कोयता गावला की जेलातनं सुटंल बघा."

एवढं बोलून तिने पदराने डोळे पुसले. जानकूसाठी पुसले की नवऱ्यासाठी, हे भरतला कळलं नाही. तिलाही कळत नसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतच्या गाडीतून दोघं मढकडे, लंकाबाईच्या वाडीला निघाली.

"कायदा आपल्या बाजूचा आहे," भरत म्हणाला. "रात्री दार फोडून कुणी घरात घुसलं तर घरच्याला हत्यार उचलायचा हक्क आहे. पण जानकू मोकळ्या हातांनी आला होता, असं सरकारी वकील म्हणतो. आणि आमचे चिमाजीबाबा भेटेल त्याला सांगत सुटलेत, छर्रे मीच भरून ठेवले होते म्हणून. न्यायाधीशांसमोरसुद्धा! पुतण्याशी भांडण आणि बंदूक भरून तयार. झाला की नाही खून?"

"असं का सांगतात ते?"

"विचारून विचारून थकलो. विचारलं की छताकडं बघत बसतात."

"अंगातून काय निघालं?"

"शिशाचे तुकडे. एकदोन तुकड्यांना आरपार भोक. उंबऱ्यापाशी थोडा जळका काथ्या आणि एक जळकी हिरवी चिंधी सापडली. ठासणीची बंदूक आहे, नळीच्या तोंडातून भरायची; दारूवर बोळा कशाचा तरी लागणारच."

"काथ्याही आणि चिंधीही?"

"हो. त्यात काय एवढं?"

इंद्रायणी खिडकीबाहेर बघू लागली. तिची ही गप्प बसायची खोड भरतला मुळीच आवडत नसे. अशा वेळी आपण शाळेत शेवटच्या बाकावर बसलोय असं त्याला वाटे.

वाडीच्या तोंडाशी चिमाजीचा शेजारी सोमाजी भात वाळवत होता. बंदुकीचं नाव काढताच तो हसला.

"ती कसली बंदूक, राव! फटाका हाय फटाका. डुकरं पिकात घुसली की आवाज काढायचा. दारू भरायची, वर काथ्या ठासायचा आन् खुंटीला लावायची. छर्रा न्हाई घालत कुनी. बिबट्या मेला तर जेलात कोन जाईल? आमच्या वाडीत शेंबडं पोरगं बी सांगंल तुमाला."

"जानकूला माहीत होतं?"

"त्याला? ल्हानपनी तोच काथ्या कुटून द्यायचा की म्हाताऱ्याला!"

भरतचा चेहरा पडला. वाडीतल्या सगळ्या बंदुकांत छर्रा नसतो आणि नेमका चिमाजीच्या बंदुकीत होता. सरकारी वकिलाला हे कळलं तर तो पेढे वाटेल.

चिमाजीच्या दारात त्याची सून मोहिनी भेटली. तिचा नवरा संपत चाकणला कंपनीत होता. ती स्वतः जानकू गेला त्याच दिवशी संध्याकाळी आहुप्याहून, माहेराहून परतली होती.

"दार उघडलं तशी मी मोबाईलची बॅटरी मारली," ती म्हणाली. "मामंजी म्हनले, मागं हो, न्हाईतर बार काढीन. भावजी म्हनले, काढा की काका. आन् हसत हसत पुढं आले."

"हातात काय होतं?"

मोहिनीने एकदा घरात पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मोकळे व्हते हात. आत्याबाईंना म्हनू नका, ताई. कोयता न्हवता म्हनलं की त्या जेवत न्हाईत."

ओटीवर मासे धरायचं, फेकायचं जाळं टांगलेलं होतं. त्याच्या काठाला शिशाचे मणी होते, पण निम्मा काठ नुसताच लोंबत होता.

"हे ह्यांचं," मोहिनी म्हणाली. "सुट्टीला आले की धरनावर जात्यात. मी माहेरी जाताना धड व्हतं. आले तर शिसं गायब."

"जुनं जाळं. झडली आसतील," आतून लंकाबाईचा आवाज आला. ती आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचे तुकडे जोडून गोधडी शिवत होती. शेजारी खुंट्याला नुसतं दावं होतं.

"शेळी विकलीत?" इंद्रायणीने विचारलं.

"बिबट्यानं नेली, ताई. गाभन व्हती. जानकू जायच्या आदल्याच हप्त्यात. चटावल्यालं जनावर पुन्हा येतंय. सूनबाई नातवाला घेऊन माहेराहून आता येतील, पोरगं अंगनात खेळंल म्हनून माझ्या घशाखाली घास उतरंना. म्हाताऱ्याला म्हनलं, एक डाव खरा बार भरा. तर माझ्यावरच डाफरला."

बोलता बोलता ती थबकली आणि सुईत दोरा ओवू लागली. दोरा काही सुईत जाईना. मोहिनीने तो ओवून दिला.

परतताना भरतने न राहवून विचारलं, "कोयत्याचा काही माग?"

"चिमाजींना विचारून सांगते. तारीख कधी आहे?"

"उद्याच."

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर चिमाजी बसला होता. तुरुंगातल्या एवढ्या दिवसांत तो निम्मा झाला होता. भरतने विनंती केल्यावर पोलीस शिपाई चार पावलं बाजूला जाऊन उभा राहिला. लंकाबाई खाली फाटकाजवळ होती.

"बाबा, छर्रे तुम्ही भरलेत?" इंद्रायणीने विचारलं.

"व्हय."

"कसले?"

"ज्वारीच्या दाण्यायेवढे. बाजारात मिळत्यात तसले."

"वर बोळा कशाचा?"

"काथ्याचा. मी दुसरं कायबी वापरत न्हाई."

इंद्रायणी त्याच्याशेजारी टेकली. "बाबा, जानकूच्या अंगात छर्रा नव्हताच. भोकाचं शिसं होतं, संपतच्या जाळ्याचं. त्याच्यावर काथ्या नव्हता, हिरवी चिंधी होती. तुमचा काथ्या नळीत खाली होता. तुम्ही नेहमीसारखी दारू भरून, काथ्या ठासून बंदूक खुंटीला लावलीत. नंतर कुणीतरी वरून शिसं सोडलं आणि चिंधीने दाबलं. एका नळीत दोन हात झाले. भरणारा तुम्हीच असता, तर काय भरलंय ते तुम्हाला ठाऊक असतं."

भरतच्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडू लागला. त्याने फाटकाकडे पाहिलं.

"मोहिनी जाताना जाळं धड होतं, आली तेव्हा शिसं नव्हतं," इंद्रायणी बोलत राहिली. "म्हणजे ती माहेरी असतानाच कुणीतरी काढलं. घरात होतात तुम्ही दोघं. त्यातल्या एकाची गाभण शेळी गेली होती आणि हिरवं लुगडंही तिचंच. तिने बिबट्यासाठी भरलं, तुम्हाला चोरून. तुम्ही बार काढलात तो नुसता आवाजाचा, असं तुम्हाला वाटत होतं. जानकूलाही तसंच वाटत होतं. म्हणून तर तो हसत पुढे आला."

चिमाजीने मान गुडघ्यात घातली.

"अहो बाबा, मग हे सांगा ना!" भरत जवळजवळ ओरडलाच. "तुम्हाला माहीतच नव्हतं, तर खून कसला? आज जामीन मिळेल. त्यासाठी कोयता कशाला रचलात?"

"कोर्टासाठी नाही रचला त्यांनी," इंद्रायणी हळू आवाजात म्हणाली. "पोलीस यायच्या आधी, पोरगं मांडीवर असताना त्यांनी तो लंकाबाईंना सांगितला. तेव्हा कोर्ट कुणाच्या मनात होतं?"

चिमाजीने मान वर केली.

"रगात बघितलं आन् तिला समजलं, तिचंच शिसं. माझ्याकडं बघाय लागली. आता काय सांगू तिला? तान्हा असल्यापून वाढवल्यालं पोरगं तुझ्या हातनं गेलं, आसं सांगू? म्हनलं, कोयता व्हता त्याच्या हातात. तू भरल्याल्या बारानं मी वाचलो, म्हनलं. त्या कोयत्यावर जगतीय ती, बाई."

"खरं सांगितलं नाहीत तर जन्मठेप होईल तुम्हाला," भरत म्हणाला.

"व्हऊ द्या. माझं राहिलंय किती? आन् खरं सांगायला तिलाच हुबी करनार ना तुमी? तिला जेल झाली तर काढंल ती. पन जेलात बसून तिला इचार कराय येळच येळ मिळंल." त्याने भरतचे दोन्ही हात धरले. "वकीलसाहेब, माझी शपथ हाय. छर्रा मीच भरला."

पुकारा झाला. भरत आत उभा राहिला आणि स्वसंरक्षणाचं तेच जुनं, पोकळ भाषण त्याने केलं. अशिलाने तोंड बंद केलं की वकिलाचंही बंद होतं. ते भाषण कुणालाच पटलं नाही, त्याला स्वतःलाही नाही. जामीन फेटाळला गेला आणि चिमाजी पुन्हा पोलिसांच्या गाडीत चढला. चढताना त्याने फाटकाकडे बघून हात हलवला.

"मला कोयता शोधायचं काम दिलंय तिने," इंद्रायणी जिन्यात म्हणाली. "विचारलं तर मला खरं सांगावं लागेल. मी खोटं बोलत नाही, भरत. म्हणून हे काम मी सोडते." मागच्या दाराने ती एसटी स्टँडकडे निघून गेली. एवढी हुशार बाई, पण आज तिच्या हुशारीचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता.

लंकाबाई लगबगीने पुढे आली. तिच्या हातात नवऱ्यासाठी आणलेल्या भाकरी तशाच होत्या.

"ताई कुठं गेल्या? कोयता गावला का?"

"नाही गावला, मावशी."

"न्हाई गावला?" तिने त्याच्या बाहीला धरलं. "पन व्हता ना, भाऊ? त्याच्या हातात कोयता व्हताच ना?"

भरतने गाडी गेली त्या रस्त्याकडे पाहिलं. आयुष्यात त्याने कोर्टात पुष्कळ खोटं ऐकलं होतं, थोडंफार बोललाही होता. हे त्याला सगळ्यात जड गेलं.

"व्हता, मावशी," तो म्हणाला. "कोयता व्हता."

म्हातारीच्या जिवात जीव आला. "मग सुटतोय बघा म्हातारा," ती म्हणाली, आणि पुढची तारीख कधीची ते विचारू लागली.